निळ्या कोटाचं अस्तर

४ जानेवारी

प्रिय ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

हे पत्र नेहमीच्या वाटेनं आलेलं नाही. शेजारच्या वहिनी ते भाजीच्या पिशवीतून नेऊन पेटीत टाकणार आहेत, म्हणून आज मनातलं लिहिते आहे. एरवी माझं प्रत्येक पत्र हे वाचून मगच टाकतात. तुझं आलं की जेवताना मोठ्यानं वाचून दाखवतात, तेही तुझा आवाज काढून. टिल्ली खदखदून हसते. तिच्याबरोबर मीही हसते, नाही हसले तर का नाही हसलीस असं विचारतात. फोनला इवलंसं कुलूप आहे आणि किल्ली ह्यांच्या जुडग्यात.

तू मागे विचारलं होतंस की सगळं ठीक ना, तेव्हा मी हो लिहिलं होतं. ठीक नाही, ताई. हात उचलत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. सकाळी ऑफिसला जाताना टिल्लीला शाळेत सोडतात आणि दार बाहेरून लावून जातात. वहिनींची आणि आमची मागची गॅलरी एकाच भिंतीची, तेवढीच काय ती माझी खिडकी. गेल्या आठवड्यात म्हणाले की टिल्ली माझ्यासारखी भित्री होत चालली आहे, तिला माझ्यापासून लांब कुठेतरी ठेवायला हवं. कुठे, ते सांगितलं नाही. 

मी टिल्लीला घेऊन तुझ्याकडे येते आहे. दौऱ्यावर जातात तेव्हा टिल्लीच्या शाळेसाठी दाराची किल्ली वहिनींकडे ठेवतात, तेवढाच दिवस माझा. आगगाडीनं आले तर पुढच्या स्टेशनावर गाठतील, म्हणून विमानानंच. पण पोरीला विमानात बसवायला कुठले कागद लागतात ते मला ठाऊक नाही. तिचा जन्माचा दाखला ह्यांच्या कपाटात आहे. वहिनी त्याची सही-शिक्क्याची नक्कल काढून आणणार आहेत. ती मी तिच्या निळ्या कोटाच्या अस्तरात शिवून ठेवीन. पत्रात अस्तराचं काही लिहिलं की समज.

तू मात्र सरळ काही लिहू नकोस. तुझ्या विमानतळावरच्या काउंटरच्या गमती तू नेहमी लिहितेसच, त्यातच घालून सांग. कुणी एक बाई म्हटलंस की ती मी. पण जपून हं ताई. विमा कंपनीत ह्यांचं कामच लोकांचे दावे तपासायचं आहे. लोकांनी रचलेल्या गोष्टी पकडण्यावर आमचं घर चालतं.

माझ्यावर आहे तेवढा लोभ आता दोघींत वाटून दे.
तुझी,
धाकटी

१० जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. जावईबुवांना नमस्कार आणि टिल्लीच्या दोन्ही गालांना एकेक पापा.

तुझं पत्र नाही म्हणून रागावणार होते, पण सवड कुणाला आहे! सुट्या संपल्या तरी काउंटरवरची गर्दी हटत नाही. सामानाच्या पट्ट्याशी उभं राहून पाय असे सुजतात की घरी आल्यावर चपलाच ओळख देत नाहीत.

परवा एक बाई आली, बरोबर पाचेक वर्षांची मुलगी. चेहरा असा की जणू मी तिला फाशीच देणार आहे. मुलीचं फोटोचं ओळखपत्र नाही, आता कसं होणार, म्हणून रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, अहो बाई, देशातल्या देशात जायचं तर एवढ्या पोरीला फोटो कशाला? जन्माचा दाखला पुरतो. अस्सल नसेल तर सही-शिक्क्याची नक्कलही चालते. तुमचं स्वतःचं ओळखपत्र दाखवा आणि सुखानं जा. दाखल्यावर आईचं नाव असतंच, त्याहून मोठा पुरावा कुठला? नवऱ्याची चिठ्ठी लागते का, असंही तिनं विचारलं. आमच्या कंपनीत नाही विचारत, म्हटलं.

नाहीतर आमचे एक वडील! दोन वेण्या वाकड्यातिकड्या घातलेल्या लेकीला घेऊन एकटेच आले होते. एका हातात बाहुली, दुसऱ्यात दुधाची बाटली. बापमाणूस एकटा पोर सांभाळतोय म्हटल्यावर आमच्या काउंटरवरच्या सगळ्या मुली विरघळल्या. कुणी कागद उघडूनसुद्धा धड पाहिला नाही, वर खिडकीजवळची जागा दिली. आई असती तर तिला चार प्रश्न विचारले असते. जावईबुवा, पुरुषांची चैन असते बघा.

मी मात्र एक नेम पाळते. कागद काही सांगो, खाली वाकून पोराला विचारते की तुझ्याबरोबर कोण आहे. मूल खोटं बोललं तरी त्याचे डोळे बोलत नाहीत. माझ्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना मी हेच शिकवलंय.

थंडी आहे, टिल्लीला कोट घालत जा.
आशीर्वाद आहेतच, ते वापरायला मागेपुढे पाहू नकोस.
तुझी,
ताई

१७ जानेवारी

प्रिय ताईस,
साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम.

तुझं पत्र फार रंगलं. ह्यांनी दोनदा वाचून दाखवलं. त्या रडक्या बाईचा आवाज असा हुबेहूब काढला की टिल्लीला उचकी लागली. वेण्यांवाल्या बाबाची गोष्ट तर तिला इतकी आवडली की ह्यांना ती तिसऱ्यांदा सांगावी लागली.

आता रोज जेवण झालं की आमच्याकडे विमानतळ भरतो. खुर्ची आडवी टाकली की काउंटर. हे पलीकडे बसतात, टिल्ली अलीकडे तिची बाहुली घेऊन उभी. मग हे वाकून विचारतात की तुझ्याबरोबर कोण आहे, आणि ती ह्यांच्याकडेच बोट करून बाबा म्हणते. सुरुवातीला हसायची, इकडेतिकडे बघायची. आता पाढे म्हणावेत तशी म्हणते. एकदा मी मधे पडून म्हटलं की आईचीही पाळी येऊ द्या, तर हे म्हणाले की उद्या. माझी हरकत नाही. पोर काउंटरला बुजायची नाही, एवढं तरी झालं.

टिल्लीच्या निळ्या कोटाला नवं अस्तर लावलं. वहिनींनी आणलेलं कापड अगदी हवं तसं निघालं. बारीक टाके घातलेत, बाहेरून पत्ता लागत नाही.

लोभ आहे तसाच राहो, तुझ्या गमतीही येत राहोत.
तुझी,
धाकटी

२३ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. जावईबुवांनी माझा आवाज काढावा म्हणजे आता मला नाटक कंपनीत जायची भीती नाही, माझ्या जागी तेच जातील.

अस्तराचं वाचून बरं वाटलं. तुझा हात शिवणात पहिल्यापासून चांगला. आई म्हणायची की थोरलीनं टाका घातला तर तो टाका कमी आणि जखम जास्त.

टिल्लीच्या विमानतळाची गंमत वाचली. का कोण जाणे, मला हसू आलं नाही. एवढ्याशा पोरीला एकच प्रश्न किती वेळा विचारायचा? खेळ बदला म्हणावं. दुकान-दुकान खेळा, डॉक्टर-डॉक्टर खेळा.

तुला मी ती बाई सांगितली होती ना, ती गेलीच नाही गं! दाखला पदरात होता, तिकीट होतं, पण आणखी एक चांगला कागद हाती येतोय म्हणून थांबली. कागद आला तोवर विमान भुर्र उडून गेलं होतं. मी तिला खूप बोलले. हातचं सोडून पळत्यापाठी लागू नये. होता तो कागद पुरेसा होता, मिळेल त्या पहिल्या दिवशी निघायचं होतं.

आणि हो, तुमच्या शहरातल्या आमच्या काउंटरवर माझी चष्मेवाली आहे, तुला सांगितलं होतं का? माझ्या हाताखालीच शिकली. आता माझ्याहून कडक झाली आहे, पण माझ्या माणसांसाठी जीव टाकते. कुणी माझं नाव सांगितलं की रांगेतून पुढे घेते. गेल्या आठवड्यात तिच्याशी फोनवर बोलणं झालं. कधी माझी भाची आली तर अडवू नको, असं मी तिला गमतीत म्हटलं. ती म्हणाली, पाठव तर खरी.

स्वतःला जप, आणि उशीर करायची सवय सोड. लोभ पोचवायला मी दार उघडं ठेवलंय.
तुझी,
ताई

३० जानेवारी

प्रिय ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तू उगीच रागावतेस. ती बाई थांबली असेल तर तिचंही काही कारण असेल. दार तिच्या हातात नसेल. रोज काही विमानं उडत नाहीत.

इकडची बातमी म्हणजे टिल्लीचं फोटोचं ओळखपत्र झालं. ह्यांनी स्वतः तिला स्टुडिओत नेलं, शाळेतून कार्ड करून आणलं. फोटोत इतकी गंभीर दिसते की ओळखू येत नाही. कार्ड ह्यांच्या पाकिटात असतं. मला दाखवलं आणि परत ठेवलं. मला वाटलं, बरंच झालं, कधी उपयोगी पडेल.

हे पुढच्या शुक्रवारी, सात तारखेला, दौऱ्यावर जाणार आहेत. माझं बरंच शिवण साचलंय, त्या दिवशी उरकून टाकीन म्हणते.

काल हे टिल्लीचा कोट खुंटीवरून काढून बराच वेळ हातात धरून बसले होते. म्हणाले, छान ऊबदार झालाय. बाहीपासून खालपर्यंत हात फिरवला आणि पुन्हा खुंटीला लावला.  माझ्या शिवणाचं एवढं कौतुक ह्यांनी पहिल्यांदाच केलं.

टिल्ली आता झोपेतही बाबा म्हणते. खेळ काही थांबत नाही.

लोभ शुक्रवारपर्यंत आणि त्याच्या पुढेही राहू दे.
तुझी,
धाकटी

३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

आपल्याला मी कधी स्वतंत्र पत्र लिहीत नाही. सगळं लिहायचं काम हिच्याकडे, आणि वाचायचं माझ्याकडे. पण आपल्या गमतींबद्दल मनापासून आभार मानावेत असं बरेच दिवस मनात होतं. आपण फार छान सांगता. मला त्यातून खूप शिकायला मिळालं.

माझ्या धंद्याची एक गोष्ट मीही सांगतो. आमच्याकडे रोज माणसं येतात आणि आग कशी लागली, चोरी कशी झाली ते सांगतात. खरी गोष्ट सांगणारा माणूस अडखळतो, नको ते सांगतो, मधेच दुधाच्या बाटलीवर घसरतो. रचलेली गोष्ट मात्र नीटनेटकी असते. ज्याला जे हवं तेवढंच तीत असतं. आपली ती रडकी बाई फारच नीटनेटकी होती, ताई. तिला नेमके हवे तेवढेच प्रश्न पडले. वेण्यांवाले बाबा मात्र मला अगदी खरे वाटले.

टिल्ली मजेत आहे. मावशीकडे जायचं म्हणून उड्या मारते. तिला मी काही समजावून सांगत बसलो नाही, लहान मुलांना फार कारणं देऊ नयेत.

हे पत्र आपल्याला मिळेपर्यंत आमच्याकडची आवराआवर झालेली असेल. हिची काळजी घ्या, एकटीनं राहायची तिला सवय नाही.

आपला लोभ पोचला, भरून पावलो.
आपला,
जावई

६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार कसला आणि विनंती कसली. हे पत्र कुणी वाचलेलं नाही. माझं पत्र वाचायला घरात आता कुणी नाही.

काल टिल्लीला शाळेत सोडायला म्हणून गेला. बघ, ‘हे’ म्हणायची सवय एका दिवसात गेली. दुपारी तिला परत आणायची वेळ झाली, संध्याकाळ झाली. मी गॅलरीतून वहिनींना हाक मारली. त्या पुढून आल्या आणि म्हणाल्या की अगं, दाराला ना कुलूप ना कडी. दार नुसतं लोटलेलं होतं, ताई. सकाळपासून उघडं होतं आणि मी आत बसून होते. कोंडून ठेवावं असं घरात काही उरलंच नव्हतं.

शाळेत ती गेलीच नाही. तिच्या कपाटातले लोकरीचे कपडे नाहीत, बाहुली नाही. खुंटीवर निळा कोट नाही. ऑफिसात म्हणाले की साहेबांनी महिन्याभरापूर्वीच बदली मागून घेतली. कुठे, ते आम्ही सांगू शकत नाही, घरच्यांना ठाऊक असेलच. पोलीस चौकीत म्हणाले की बापानं स्वतःची मुलगी नेली, त्यात तक्रार कसली, चार दिवस वाट बघा. वहिनींच्या फोनवरून तुझ्या काउंटरला फोन केला तर तुझी सुट्टी. म्हणून हे पत्र वहिनींच्या भावाच्या हाती देते आहे, ते आज तिकडेच निघालेत. उत्तर त्यांच्याच हाती दे.

मला फक्त एवढंच सांग. त्याच्याजवळ ते शाळेचं कार्ड तेवढं आहे. खरा दाखला कपाटात तसाच आहे, मी कुलूप फोडून पाहिलं. नक्कल कोटात आहे, पण ती काढायची तर अस्तर उसवावं लागेल, आणि त्याला कुठे ते माहीत आहे? टिल्लीला माहीत आहे, पण ती कुणाला सांगणार नाही. मी तिला कानात सांगितलं होतं की हे आपलं दोघींचं गुपित. काउंटरवरच्या मावशीनं कागद मागितला तरच कोट दाखवायचा, दुसऱ्या कुणाला नाही. माझी पोर शब्दाची पक्की आहे.

तेव्हा नुसत्या कार्डावर तुझी चष्मेवाली त्याला सोडणार नाही ना, ताई? अडवेल ना? एवढी कडक आहे म्हणतेस. तसं असेल तर ते अजून इथेच कुठेतरी असतील. मी रस्त्या-रस्त्यानं हिंडेन. तू फक्त हो म्हण.

धाकटी

७ फेब्रुवारी

माझ्या धाकटे,

तुझं पत्र आणि त्याचं पत्र, दोन्ही आजच हाती पडली. त्याचं मी आधी उघडलं. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. तू मला हो म्हणायला सांगितलंस. तुला फसवण्यात आता काही राहिलं नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

मी लगेच चष्मेवालीला फोन लावला. मी काही विचारायच्या आतच ती आनंदानं म्हणाली की तुझी भाची येऊन गेली गं, काय गोड पोर आहे. परवा, बुधवारी सकाळी. तो सरळ तिच्याच खिडकीशी गेला. माझं नाव सांगितलं, तुमच्या मैत्रिणीनं बोलून ठेवलंय ना, म्हणाला. आणि मी खरोखरच बोलून ठेवलं होतं. तुझ्या पत्रात गमतीत म्हटलं असं लिहिलं, पण गमतीत नव्हतं. माझी भाची येईल, निळा कोट असेल, जन्माचा दाखला कोटात असेल, अडवू नको, असं सगळं सांगितलं होतं. एकच सांगितलं नव्हतं, की बरोबर आईच असेल. ते सांगायचं म्हणजे का, ते सांगावं लागलं असतं. बहिणीच्या घरचं उणं परक्या पोरीपुढे कशाला काढा, झाकली मूठ बरी, असं वाटलं. त्या मुठीत काय होतं ते आता कळतंय.

ती खरंच कडक आहे. त्यानं शाळेचं कार्ड पुढे केलं तर तिनं बाजूला सारलं. फोटोवर शिक्का नव्हता. माझी माणसं असली तरी नियम तो नियम, जन्माचा दाखला दाखवा म्हणाली.  तो नुसता हात बांधून उभा राहिला आणि टिल्लीकडे बघत राहिला. म्हणून मग चष्मेवालीनं पोरीलाच विचारलं की तुझा कागद कुठे आहे, बाळ?

टिल्लीनं कोट उलटा करून दाखवला. म्हणाली, आईनं इथे शिवलाय, काउंटरवरच्या मावशीनं विचारलं तरच द्यायचा. तुझी पोर शब्दाची पक्की निघाली गं. चष्मेवालीनं तिच्या कात्रीनं टाके उसवले. ती मला सांगत होती की टाके इतके बारीक होते, आईनं एवढ्या मायेनं शिवून पाठवलेलं बघून माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली.

शेवटी माझा नेम तिनं पाळला. खाली वाकून विचारलं की तुझ्याबरोबर कोण आहे. टिल्ली ताडकन बाबा म्हणाली. डोळे अगदी स्वच्छ. आई कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, आई मागून येणार आहे, मावशीकडे. आम्ही पण तिथेच चाललोय.

ते विमान इकडचं नव्हतं, धाकटे. जिथे उतरलं तिथून पुढे दुसऱ्या कंपन्यांची विमानं आहेत, मोटारी आहेत, बंदर आहे. तिकीट तिथपर्यंतचंच होतं, तिथलं काम उरकून पुढे माझ्याकडे येतो असं त्यानं चष्मेवालीला सांगितलं होतं. मी तिथल्या काउंटरवर फोन केले, वरच्या साहेबांच्या पाया पडले, उद्या वकिलाकडे जाते आहे. चष्मेवाली तुझ्याबरोबर चौकीत येऊन लिहून द्यायला तयार आहे, ती रडते आहे. तू तिच्यावर रागावू नकोस. रागावायचंच असेल तर माझ्यावर रागाव.

तू आता रस्त्यांवर हिंडू नकोस. मिळेल त्या गाडीनं इकडे ये. तुला स्वतःला यायला कुठलाच कागद लागत नाही.

टिल्ली जिथे कुठे असेल तिथे दर दारावर विचारत असेल की मावशीचं घर हेच का. म्हणून मी घर सोडून कुठे जाणार नाही, दाराला कडी लावणार नाही.

लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही, तरी ठेव.
तुझी,
ताई